शाहीन ओळखायला शिकवणारे सालिम अली

शाहीन हे नाव आपल्याकडे मुलींना ठेवतात, शाळांना ठेवतात, क्रिकेटच्या टीमलासुद्धा ठेवतात. अल्लामा इक्बाल यांच्या शायरीमुळे उर्दू शिकलेल्या प्रत्येकाच्या तोंडी ते आहे. पण हिवाळ्यात लालबागच्या एखाद्या टॉवरच्या कठड्यावर त्याच जातीचा पक्षी येऊन बसला तर आपण घार समजून पुढे जातो. ज्यांची पुस्तकं वाचून हा फरक कळतो, ते डॉ. सालिम अली इथून जवळच, खेतवाडीत वाढले.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, सुलेमानी बोहरा खानदानात. वर्षाचे असताना वालिद गेले, तीन वर्षांचे असताना वालिदा. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळलं. घरात शिकारीचा शौक होता. या पोरालाही मोठा शिकारी व्हायचं होतं. दहा-बारा वर्षांचा असताना त्याने एअरगनने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! अशी चिमणी खाणं जायज आहे का, असा प्रश्न पडला म्हणून तो मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. हलाल-हरामच्या एका साध्या सवालातून पुढचं सगळं आयुष्य निघालं.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. कॉलेज अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या धंद्यावर गेले. परत आल्यावर सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले, पण पदवी नाहीच. पदवी नाही म्हणून सरकारी संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये म्युझियममध्ये गाइड लेक्चरर झाले. बर्लिनला जाऊन प्रा. श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून १९३० ला आले, तोवर ती नोकरीही गेली होती. मग बेगम तहमीनांसह अलिबागजवळ किहीमला राहिले. बेकारीच्या त्या दिवसांत झाडाखाली बसून सुगरणीची घरटी पाहिली आणि त्यावरच्या लेखाने त्यांचं नाव झालं. आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही हा भाग मुद्दाम सांगतो. १९३९ मध्ये तहमीना गेल्या. त्यानंतर त्यांनी दुसरं लग्न केलं नाही.

आता शाहीनकडे येऊ. जुने मीरशिकार शिकारी पक्ष्यांचे दोन भाग करत: गुलाबचश्म आणि सियाहचश्म. पिवळ्या-लाल डोळ्यांचे बाज, शिकरा हे झाडाआडून झडप घालतात. काळ्या डोळ्यांचे शाहीन, बहिरी, तुरुमती हे मोकळ्या आसमानातले. शाहीन आपल्या डोंगरकड्यांवर घरटं करतो, बहिरी हिवाळ्यात उत्तरेच्या थंड मुलखातून येतो. जात एकच. यांच्यात मादी नरापेक्षा बरीच मोठी असते, त्यामुळे मुलीला शाहीन म्हणणारे आईबाप चुकत नाहीत!

शिकार बघावी ती पाकोळ्यांची. पाकोळी उडता उडताच खाते-पिते, जमिनीवर सहसा उतरत नाही. सरळ पाठलागात ती सहज हाती येत नाही. म्हणून बहिरी आधी थव्याच्या खूप वर जातो, पंख अंगाला मिटतो आणि दगडासारखा खाली येतो. तेव्हा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. नाकपुडीत छोटी गाठ असते, ती आत शिरणाऱ्या हवेचा मारा कमी करते असं मानतात. थवा घट्ट गोळा होतो. त्या गोळ्यात घुसलं तर ससाण्यालाच इजा होईल, म्हणून तो कडेला सुटलेली एक हेरतो. पंजाचा फटका बसला की पाकोळी कोसळते, वळसा घेऊन तो तिला हवेतच पकडतो आणि चोचीच्या दातासारख्या टोकाने मान मोडतो. बरेचदा नेम चुकतोही. छोटी तुरुमती मात्र जोडीने शिकार करते.

अशा पक्ष्यांची स्थानिक नावं, सवयी, घरटी हे सगळं सालिम अलींनी डिलन रिप्ले यांच्यासोबत दहा खंडांत नोंदवलं. पहिल्याच खंडात ससाणे आहेत, १९६८ चा तो. त्याआधी १९४१ मध्ये सामान्य माणसासाठी भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं होतं. अभ्यासासाठी त्यांनी स्वतः खूप पक्षी मारले, हेही खरं, आणि त्याचं समर्थनही केलं. पण भरतपूरचं तळं आणि सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचावं म्हणून झटले तेही हेच. १९७२ च्या कायद्यानंतर ससाणा पकडणं गुन्हा आहे, शौक म्हणून पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ज्यांना पदवी नव्हती त्यांना १९५८ मध्ये अलीगढने मानद डॉक्टरेट दिली. त्याच साली पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. २० जून १९८७ रोजी मुंबईतच त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या सोसायटीचं हॉर्नबिल हाउस फोर्टमध्ये, लायन गेटसमोर आहे. लालबागहून बसने जाता येतं. बहिरी साधारण ऑक्टोबरात येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतो.