दह्यात आयुष्य शोधणारा माणूस

पेपरला निघताना हातावर दही-साखर, मेसच्या थाळीत दह्याची वाटी, मे महिन्यात ताक, सणाला श्रीखंड. दही आपल्या इतकं सवयीचं आहे की त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही. पण साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका दाढीवाल्या प्रोफेसरने आंबवलेल्या दुधाचा संबंध थेट म्हातारपणाशी जोडला आणि युरोपात दह्याची लाट आली. आज सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये ज्या कपांवर ‘प्रोबायोटिक’ असं ठळक लिहिलेलं असतं, त्यांची गोष्ट या माणसापासून सुरू होते.

त्याचं नाव इल्या मेचनिकॉफ. १९०८ चे नोबेल विजेते. गंमत म्हणजे नोबेल दह्यासाठी मिळालंच नव्हतं. आणि माणसाने जास्त जगावं म्हणून धडपडणाऱ्या या शास्त्रज्ञाला एकेकाळी स्वतःलाच जगायचं नव्हतं.

२२ व्या वर्षी प्राध्यापक

इल्याचा जन्म १८४५ चा, खार्किव शहराजवळच्या एका खेड्यातला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. पाच भावंडांत हा शेंडेफळ. वडील लष्करी अधिकारी. आईला मात्र पोराची विज्ञानाची ओढ कळली होती आणि तिने ती जपली. झाडं, किडे, दगड गोळा करायचे आणि भावंडांना, गावातल्या मुलांना समोर बसवून त्यावर लेक्चर द्यायचं, हा याचा लहानपणीचा खेळ.

खार्किव विद्यापीठात त्याने चार वर्षांचा कोर्स दोन वर्षांत उरकला. मग जर्मनी, इटली असं फिरत समुद्रातल्या छोट्या जीवांचा अभ्यास सुरू केला. १८६७ मध्ये, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, ओडेसाच्या विद्यापीठात तो शिकवू लागला. आपल्यातले बरेच जण या वयात इंटर्नशिप शोधत असतात. त्याच्या वर्गातले काही विद्यार्थी तर त्याच्याहून मोठे होते.

अंधाराची वर्षं

१८६९ मध्ये त्यांनी ल्युडमिलाशी लग्न केलं. तिला क्षय झाला होता. ती इतकी अशक्त होती की लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. हवापालट हाच काय तो उपाय. मेचनिकॉफ तिला घेऊन ठिकठिकाणी फिरले, पैशांची ओढाताण झाली, त्यांचे स्वतःचे डोळे बिघडले. १८७३ मध्ये मदेरा बेटावर ल्युडमिला गेली.

त्या दुःखात मेचनिकॉफ यांनी स्वतःचं आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. त्याच दिवसांत कधीतरी जिनिव्हाच्या एका पुलावर दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे त्यांना दिसले. काही तास जगणारे, खाणं-पिणंही न करणारे हे जीव. यांना निसर्गनिवडीचा नियम कसा लागू होत असेल, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला. एका प्रश्नाने दुःख संपत नाही. पण तो प्रश्न पडला आणि ते पुन्हा कामाकडे वळले. दोन वर्षांनी ओल्गाशी त्यांचं दुसरं लग्न झालं. पुढे ती त्यांची सहकारी झाली, आणि त्यांचं चरित्रही तिनेच लिहिलं.

गुलाबाचा काटा

१८८१ मध्ये रशियाच्या झारची हत्या झाली आणि विद्यापीठांमधलं वातावरण बिघडलं. कंटाळून मेचनिकॉफ यांनी नोकरी सोडली आणि कुटुंबासह सिसिलीतल्या मेसिना गावी मुक्काम हलवला. १८८२ च्या अखेरीस एके दिवशी घरचे सगळे सर्कशीला गेले होते. हे एकटेच मायक्रोस्कोपला डोळा लावून ताऱ्या माशाच्या पारदर्शक अळ्या बघत बसले होते. अळीच्या अंगात काही पेशी इकडेतिकडे फिरत होत्या. त्यांना वाटलं, या फिरत्या पेशी शरीरात घुसलेल्या उपऱ्या गोष्टीवर तुटून पडत असतील का?

ते बागेत गेले, गुलाबाचे काटे तोडून आणले आणि अळीच्या अंगात टोचले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा घोळका. आपल्या पायात काटा मोडला की तिथे पू होतो, त्यामागेही अशाच पेशी असणार हे त्यांनी ओळखलं. जंतू गिळून टाकणाऱ्या या पेशींना ‘फॅगोसाइट’ म्हणजे भक्षक पेशी असं नाव मिळालं.

हे पचवायला अनेकांना वर्षं लागली. जर्मनीतल्या बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की रोगाशी लढतात ते रक्तातले द्रवपदार्थ, पेशी नव्हेत. वाद पंचवीस वर्षं चालला. शेवटी १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि दुसऱ्या बाजूचे पॉल एर्लिच यांना विभागून देण्यात आलं. दोघांचंही बरोबर होतं. आपली प्रतिकारशक्ती दोन्हींवर चालते.

ओडेसा, पॅरिस आणि परळ

१८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी मेचनिकॉफ यांना पॅरिसच्या आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. तिथेच ते शेवटपर्यंत राहिले.

ओडेसातला त्यांचा एक विद्यार्थी त्यांच्या मागोमाग पॅरिसला आला आणि आधी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत नोकरीला लागला. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं नाव याच माणसावरून पडलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा हाफकिन इथे आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. लसीसाठी प्लेगचे जंतू वाढवताना ते मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे. म्हणजे गुरू दह्यात रमण्याच्या आधी शिष्याने तूप कामाला लावलं होतं!

नासणं वेगळं, विरजणं वेगळं

पन्नाशी ओलांडल्यावर मेचनिकॉफ यांचं लक्ष म्हातारपणाकडे गेलं. म्हातारपणाच्या शास्त्रीय अभ्यासाला ‘जेरॉन्टॉलॉजी’ हे नाव त्यांनीच १९०३ मध्ये दिलं. त्यांचा अंदाज असा: मोठ्या आतड्यात असंख्य जीवाणू राहतात. त्यातले काही न पचलेलं अन्न सडवतात. त्यातून विषारी पदार्थ तयार होतात, ते रक्तात जातात आणि शरीर वेळेआधी झिजतं.

मग हे सडणं थांबवायचं कसं? इथे त्यांना दूध आठवलं. मराठीत आपण दूध ‘नासलं’ आणि दूध ‘विरजलं’ असे दोन वेगळे शब्द वापरतो. त्यांचा सगळा युक्तिवाद या दोन शब्दांमध्ये बसतो. दुधात साधारण साडेचार ते पाच टक्के लॅक्टोज ही साखर असते. विरजणातले जीवाणू ती खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आंबटपणा वाढत गेला की दुधातलं केसिन हे प्रथिन एकमेकांत गुंतून घट्ट होतं आणि दही लागतं. या आंबटपणात सडवणाऱ्या बहुतेक जीवाणूंचं काही चालत नाही. म्हणून फ्रीज नसलेल्या काळातही दही दुधापेक्षा जास्त टिकायचं. जे भांड्यात घडतं ते पोटातही घडेल, असं मेचनिकॉफ यांना वाटलं.

त्यांना आणखी एक पुरावा हाताशी लागला. बल्गेरियातल्या खेड्यांत शंभरी गाठलेली माणसं बरीच आहेत आणि तिथले लोक रोज आंबट दूध खातात, अशी माहिती त्यांच्याकडे होती. १९०५ च्या सुमारास जिनिव्हात शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने त्या दह्यातला काडीच्या आकाराचा जीवाणू वेगळा काढला. आज त्याला लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस म्हणतात. मेचनिकॉफ यांनी या शोधाला उचलून धरलं.

ते स्वतः रोज आंबट दूध घ्यायचे आणि कच्चं काही खायचे नाहीत. दही कसं लावावं याबद्दलही ते काटेकोर होते. कच्च्या दुधात क्षयाचे जंतू असू शकतात, म्हणून आधी दूध उकळायचं, निववायचं आणि मग त्यात निवडक जीवाणू घालायचे. दूध तापवायचं, बोट बुडवता येईल इतकं कोमट झालं की विरजण लावायचं, ही आपल्या घरातली पद्धत जवळपास तशीच आहे. फार गरम दुधात विरजण घातलं तर जीवाणू मरतात, थंडगार दुधात ते सुस्तावतात. दही लागत नाही तेव्हा बहुतेकदा कारण हेच असतं.

पॅरिसला दह्याचं वेड

१९०४ मध्ये मेचनिकॉफ यांनी पॅरिसमध्ये म्हातारपणावर जाहीर व्याख्यान दिलं. पेपरांनी ते उचललं. त्यांनी शक्यता म्हणून सांगितलेलं लोकांपर्यंत खात्रीशीर उपाय म्हणून पोहोचलं. आंबट दूध, त्याच्या पावडरी, गोळ्या यांचा बाजार उभा राहिला. पॅरिसमधल्या एका कंपनीने तर मालावर थेट त्यांचं नाव वापरलं, आणि त्यावरून त्यांना टीकाही सोसावी लागली.

काही जण याहून पुढे गेले. मोठं आतडंच सगळ्या दुखण्यांचं मूळ आहे असं मानून लंडनचे सर्जन विल्यम आर्बथनॉट लेन रुग्णांची मोठी आतडी कापून काढू लागले. मेचनिकॉफ यांनी लोकांना दही खायला सांगितलं होतं, शस्त्रक्रिया करायला नाही. पण एखादी अर्धवट सिद्ध झालेली कल्पना एका मोठ्या नावासोबत बाहेर पडली की ती कुठवर जाईल, हे त्या नावाच्या हातात राहत नाही.

बरोबर काय, चूक काय?

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि प्रयोगशाळेतली तरुण मुलं लढायला गेली. मेचनिकॉफ आधीच हृदयविकाराने खंगले होते. १५ जुलै १९१६ ला, वयाच्या ७१ व्या वर्षी, ते गेले. माणूस शंभरीच्याही पुढे जाऊ शकतो असं म्हणणाऱ्याच्या मानाने हे आयुष्य तसं कमीच.

काही वर्षांतच अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या प्रयोगांनी दाखवलं की बल्गेरियन दह्यातला तो लाडका जीवाणू माणसाच्या आतड्यात मुक्काम करतच नाही. आतड्यातल्या विषामुळे म्हातारपण येतं हा सिद्धांतही मागे पडला. बल्गेरियातल्या शतायुषींचं गणितही कच्चं होतं. ती माणसं शेतात राबायची, साधं जेवायची, मोकळ्या हवेत राहायची. त्यातून एकटं दहीच वेगळं काढून त्याला श्रेय कसं देणार? स्टॅटिस्टिक्सच्या तासाला सर जे घोकून घेतात, की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, ते नोबेल विजेत्यालाही चुकवता आलं नाही.

तरी त्यांचा मूळ प्रश्न टिकला. आपल्या पोटातले जीवाणू आपल्या तब्येतीवर परिणाम करतात का? अन्नाने ते बदलता येतात का? हा प्रश्न घेऊन १९१९ मध्ये बार्सिलोनात आयझॅक कारासो यांनी दह्याचा व्यवसाय सुरू केला, तोच पुढे ‘डॅनोन’ झाला. त्यांचं दही सुरुवातीला औषधांच्या दुकानातही विकलं जायचं. जपानमध्ये मिनोरू शिरोटा यांनी आतड्यापर्यंत जिवंत पोहोचणारा जीवाणू शोधला आणि १९३५ मध्ये ‘याकुल्ट’ बाजारात आणलं. आज आतड्यातल्या जीवाणूंवर जगभर संशोधन चालू आहे.

मग आपण काय घ्यायचं यातून? दही उत्तम अन्न आहेच. प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, आणि ज्यांना दूध पचत नाही अशा बऱ्याच जणांना दही चालतं, कारण थोडं लॅक्टोज विरजणातच संपलेलं असतं आणि उरलेलं पचवायला दह्यातले जिवंत जीवाणू मदत करतात. कढी उकळली की ते जीवाणू मरतात, पण प्रथिनं आणि कॅल्शियम कुठे जात नाहीत. महागड्या कपावर नुसतं ‘प्रोबायोटिक’ वाचून भुलू नका. जीवाणू कोणता, किती आणि नेमका कशासाठी तपासलेला, हे विचारा. प्रत्येक जीवाणूचा उपयोग वेगळा असतो.

मेचनिकॉफ यांच्या अस्थींचा कलश आजही पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत आहे. दह्यातून त्यांना हवं तितकं आयुष्य सापडलं नाही. पण २८ व्या वर्षी ज्याला एकही दिवस नको होता, त्याने त्यानंतरची ४३ वर्षं प्रश्न विचारत काढली. त्यातल्या एका उत्तराने नोबेल मिळवलं, एक उत्तर चुकलं, आणि त्या चुकलेल्या उत्तरामागचा प्रश्न सोडवायचं काम अजून सुरू आहे.