स्टीफन पॅजेट

स्टीफन पॅजेट (१७ जुलै, १८५५ - ८ मे, १९२६) हे इंग्रज शल्यचिकित्सक आणि लेखक होते. कर्करोगाच्या प्रसारासंबंधीचा ‘बीज आणि भूमी’ हा सिद्धांत त्यांनी मांडला. अर्बुदाच्या सूक्ष्मपर्यावरणाच्या आजच्या अभ्यासाचे मूळ या सिद्धांतात मानले जाते.

जीवन

प्रसिद्ध शल्यचिकित्सक सर जेम्स पॅजेट यांचे ते पुत्र. स्तनाग्राचा ‘पॅजेटचा रोग’ वडिलांच्या नावाने ओळखला जातो, मुलाच्या नव्हे. ही गल्लत वारंवार होते. ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकाचा अभ्यास केला.

बीज आणि भूमी

कर्करोगाच्या पेशी रक्तप्रवाहाबरोबर वाहत जातात आणि जेथे अडकतात तेथे दुय्यम गाठ धरते, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. यकृतात दुय्यम गाठी २४१ जणींत आढळल्या, प्लीहेत केवळ १७ जणींत. प्लीहेलाही रक्तपुरवठा भरपूर असतो. शिवाय रक्तातून पू पसरणाऱ्या रोगात ती अशी सुटत नाही. हाडांतही हाच भेद दिसला: काही हाडे वारंवार ग्रासली जात, हातापायांच्या पंजांची हाडे मात्र बहुधा वाचत. हा केवळ योगायोग नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी १८८९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये मांडला. वनस्पतीचे बी चहूकडे उडते, पण अनुकूल जमिनीतच रुजते, हे त्यांचे रूपक होते. नेत्रवैद्य एर्न्स्ट फुक्स यांनी हा विचार आधी सुचवला होता, याचे श्रेय पॅजेट यांनी त्यांना दिले. बीजाचे महत्त्व त्यांनी नाकारले नाही. भूमीकडे दुर्लक्ष होत आहे, एवढीच त्यांची तक्रार होती.

हे दुर्लक्ष पुढेही चालू राहिले. १९२०च्या दशकात जेम्स युइंग यांनी रक्ताभिसरणाच्या रचनेवरच भर दिला आणि तेच मत दीर्घकाळ टिकले. १९८० साली इयान हार्ट व आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या स्नायूत वेगवेगळ्या अवयवांच्या ऊतींचे कलम केले. रक्तात सोडलेल्या मेलॅनोमाच्या पेशी फुप्फुस व अंडाशयाच्या कलमांत वाढल्या, मूत्रपिंडाच्या कलमांत वाढल्या नाहीत.

स्तनाच्या कर्करोगात ही ‘भूमी’ निष्क्रिय नसते, हे आता ज्ञात आहे. हाडात पोहोचलेल्या कर्कपेशी काही स्राव सोडून हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात. झिजलेल्या हाडातून वाढघटक मोकळे होतात आणि त्यांवर कर्कपेशी पोसल्या जातात. बिसफॉस्फोनेट औषधे कर्कपेशींऐवजी मुख्यतः हाड झिजवणाऱ्या पेशींवर काम करून हे चक्र मंदावतात.

लेखन

छातीच्या शस्त्रक्रियेवरील १८९६ सालच्या ग्रंथात पॅजेट यांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेची सीमा निसर्गानेच आखली आहे असे म्हटले. हे भाकीत फसले: त्याच वर्षी लुडविग रेन यांनी फ्रँकफुर्ट येथे एका जखमी हृदयाला यशस्वीपणे टाके घातले. वैद्यकीय संशोधनासाठी प्राण्यांवरील प्रयोगांचे समर्थन करणारी ‘रिसर्च डिफेन्स सोसायटी’ त्यांनी १९०८ साली स्थापन केली. वडिलांचे आणि जॉन हंटर यांचे चरित्रही त्यांनी लिहिले.