टेंबेस्वामींची पायवाट

हेदवीच्या दशभुज लक्ष्मीगणेशापुढे नारळ ठेवून, दोघाचौघांच्या सोबतीने चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड या वाटेने नृसिंहवाडीस पायी जाण्याचा संकल्प ज्यांच्या मनी असेल, त्यांनी आज श्रीदत्तजयंतीस श्रीवासुदेवानंद सरस्वती तथा टेंबेस्वामी यांचे चरित्र आठवावे, असे आम्हांस वाटते.

महाराज कोकणचेच. सावंतवाडीजवळील माणगावी १८५४ साली त्यांचा जन्म झाला. तेथे दत्तमंदिर उभारून सात वर्षे सेवा केल्यावर, ते नांदते स्थान सोडून पत्नी अन्नपूर्णाबाईंसह ते बाहेर पडले. दोघांचीच ती यात्रा. तीही अर्धीच राहिली. १८९१ मध्ये गोदातीरी गंगाखेडास अन्नपूर्णाबाईंनी देह ठेवला. चौदाव्या दिवशी महाराजांनी संन्यास घेतला.

पुढे हिमालयापासून द्वारका, तंजावरपर्यंत ते अनवाणी चालले. जवळ दंड, कमंडलू, छाटी आणि लहानशी दत्तमूर्ती. द्रव्याला स्पर्श नाही, वाहन नाही. संग्रहणीचा जुना विकार मात्र सोबतीला! तरीही ही भ्रमंती बेबंद नव्हती. पावसाळा आला की एका तीर्थी चातुर्मास, तेथे उपासना व ग्रंथलेखन. मग पुन्हा वाट. आम्ही अंथरुणाच्या नि शिध्याच्या याद्या महिनाभर आधी करतो आणि थांबायचे कोठे, हे ऐनवेळी शोधतो.

असे तेवीस चातुर्मास झाले. पहिला उज्जयिनीस, शेवटचा नर्मदातीरी गरुडेश्वरी. चोविसावा सुरू होण्यापूर्वीच, १९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेस, गरुडेश्वरीच महाराज समाधिस्थ झाले.