जुन्या जहाजाचा सौदा : शेठ वालचंद हिराचंद

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात खारं पाणी दोनच ठिकाणी सापडतं. एक लोणारच्या सरोवरात आणि दुसरं शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींत. समुद्र पाहायचा तर रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागते. मग वार्षिकांकात जहाजाची गोष्ट कशाला, असं कुणीही विचारेल.

त्याचं उत्तर खामगावात आहे. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा टाकला गेला तो काही आपल्या सोयीसाठी नव्हे, तर कापसासाठी. खामगावच्या बाजारातल्या गाठी जलंबहून मुंबईला जायच्या आणि तिथून जहाजाने परदेशी. शेत आपलं, घाम आपला, कापूस आपला. पण मुंबईच्या धक्क्यावर गाठ जहाजात चढली की पुढचं भाडं दुसऱ्याच्या खिशात! जहाजं ब्रिटिश कंपन्यांची आणि दरही त्याच ठरवणार. हे चित्र बदलायचं ठरवलं सोलापूरच्या एका माणसाने. सोलापूरही आपल्यासारखंच, समुद्रापासून लांब. आणि त्याने सुरुवात केली ती कोऱ्या करकरीत जहाजाने नाही, तर चक्क एका सेकंडहँड जहाजाने. त्या माणसाचं नाव शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणं मूळचं गुजराती, जैन धर्माचं, पण सोलापुरात मुरलेलं. कापूस आणि सावकारी हा घरचा धंदा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शिक्षण सोलापूर, मुंबई, पुणे असं झालं, पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. (हे वाचून कुणी बॅकलॉगचं समर्थन करू नये! पुढचं आधी वाचा.) पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचं मन रमेना. काहीतरी उभं करावं, बांधावं असं त्यांना वाटायचं.

याच वेळी त्यांना लक्ष्मणराव बळवंत फाटक भेटले. फाटक रेल्वेतले माजी कारकून. त्यांना ठेकेदारीचं काम समजत होतं, पण भांडवल नव्हतं. वालचंदांकडे भांडवल उभं करण्याची ऐपत होती, पण कामाची माहिती नव्हती. दोघांची जोडी जमली. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळ या सुमारे ७ मैलांच्या कामाचा ठेका त्यांनी घेतला आणि पूर्ण केला. तिथून जी गाडी सुटली ती थांबली नाही. पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत आणि मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या मोठ्या जलवाहिनीपर्यंत त्यांची मजल गेली. १९२६ मध्ये सुरू झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीही त्यांचीच.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

साल १९१९. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. जर्मन पाणबुड्यांनी एक कोटी टनांहून जास्त जहाजं समुद्राच्या तळाशी पोचवली होती. माल भरपूर पडून, जहाजं कमी, त्यामुळे भाडं गगनाला भिडलेलं. अशा वेळी दिल्लीहून मुंबईला येताना, रेल्वेच्या प्रवासात वालचंदांच्या कानावर आलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं ‘लॉयल्टी’ हे जहाज विकायला निघालंय. दुसऱ्या कुणी ही बातमी गप्पांमध्ये ऐकून सोडून दिली असती. वालचंदांनी मुंबईत उतरताच हालचाल सुरू केली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास ही त्या काळची वजनदार मंडळी सोबत आली. २७ मार्च १९१९ ला ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ रजिस्टर झाली. ज्यांच्याकडून जहाज घेतलं त्या शिंद्यांवरूनच कंपनीचं नाव पडलं.

आपण सेकंडहँड बाइक घेताना काय बघतो? मॉडेल कितीचं, किती किलोमीटर फिरली, इंजिन उघडलंय का, ॲव्हरेज किती देते. तेच प्रश्न या जहाजाला लावून बघू.

मॉडेल कितीचं? लॉयल्टीचं मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडमध्ये बॅरो इन फर्नेस इथे बांधलं गेलं आणि ३० ऑगस्ट १८९० ला पाण्यात उतरलं. म्हणजे सौद्याच्या वेळी वय २८ वर्षांच्या पुढे. पोलादी जहाजाचं कामाचं आयुष्य साधारण २५ ते ३० वर्षं धरतात, म्हणजे गडी रिटायरमेंटला आलेला!

किती फिरलं? कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी कॅनडा ते जपान, चीन अशा पॅसिफिक महासागराच्या फेऱ्या त्याने वीस वर्षांहून जास्त काळ केल्या. १९०३ मध्ये एका चिनी युद्धनौकेशी टक्कर झाली, तेव्हा बुडाली ती युद्धनौका. डिसेंबर १९१४ मध्ये ते शिंदे महाराजांनी घेतलं आणि युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी त्याचं तरंगतं हॉस्पिटल केलं.

बांधणी कशी? ग्रॉस टनेज ५,९०५, लांबी सुमारे ४५५ फूट, दोन पंखे, तिहेरी प्रसरणाचं वाफेचं इंजिन, दोन धुराडी. पुढचा भाग मात्र जुन्या शिडाच्या जहाजांसारखा निमुळता आणि वर तीन डोलकाठ्या. शिडाचा जमाना संपत होता आणि वाफेचा रुळला होता, त्या मधल्या काळातलं हे देखणं बाळ.

आणि ॲव्हरेज? इथेच खरी मेख आहे. हे जहाज मालासाठी नव्हे तर प्रवासी आणि टपाल वेगाने नेण्यासाठी बांधलेलं, वेग १६ नॉट. मेकॅनिकलवाल्यांना माहीत असेल की जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळमानाने आठपट लागते. म्हणून मालवाहू जहाजं सावकाश चालतात आणि कोळसा वाचवतात. वेगासाठी बांधलेल्या जहाजाच्या पोटात बॉयलर आणि कोळशालाच एवढी जागा जाते की मालाला कमी उरते. त्यात जुने बॉयलर म्हटले की नळ्या गळणार, पत्रा झिजणार, गोदीचा खर्च वाढणार. सेकंडहँड जहाजाची खरी किंमत चेकवर लिहिलेली नसते. ती पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीत कळते. मोठं जहाज असो की शिडाची छोटी बोट, हा नियम सारखाच. १९८५ ते १९८७ मध्ये आपल्या लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या अधिकाऱ्यांनी ३७ फुटी ‘तृष्णा’ बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तीही इंग्लंडमध्ये घेतलेली वापरलेली बोटच होती. अशी बोट घेताना तळाचा सांगाडा, सुकाणू, डोलकाठीचे तार आणि शिडं आधी तपासायची, रंगरंगोटी आणि गाद्या सगळ्यात शेवटी. पैसेही सगळे खरेदीत घालायचे नाहीत, चांगला वाटा दुरुस्तीला राखायचा.

मग वालचंदांनी हे जहाज घेतलंच का? कारण नवीन जहाज मिळत नव्हतं. युद्धानंतर ब्रिटनमधल्या गोद्यांकडे ऑर्डरींचा ढीग, त्यात एका नव्या हिंदी कंपनीला विचारतो कोण? नवीनची वाट बघत बसलो तर संधी जाणार आणि जुनं घेतलं तर खर्च वाढणार, असा तो पेच. वालचंदांनी दुसरा धोका पत्करला. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघालं. हिंदी मालकीच्या कंपनीचं जहाज मोठ्या सागरी मार्गावर निघालं, त्याचीच आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस देशात ‘राष्ट्रीय सागरी दिन’ म्हणून साजरा होतो.

हा धोका किती मोठा होता हे कळायला आधीच्या दोन गोष्टी बघाव्या लागतील. नागपूरची एम्प्रेस मिल काढणाऱ्या जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात चीन आणि जपानकडे सूत पाठवायला स्वतःची लाइन सुरू केली होती. पी अँड ओ या बलाढ्य ब्रिटिश कंपनीने भाडं पाडलं आणि टाटांना ती लाइन बंद करावी लागली. नंतर १९०६ मध्ये तुतिकोरिनला चिदंबरम पिल्लै यांनी स्वदेशी जहाज कंपनी काढली. तिचीही तीच गत झाली, आणि स्वतः पिल्लै तुरुंगात गेले. परदेशी कंपन्यांकडे आणखी एक हत्यार होतं. वर्षभर फक्त आमच्याच जहाजातून माल पाठवा, मग भाड्यातला काही भाग नंतर परत देऊ, अशी ती योजना. मध्येच कुणी दुसऱ्याच्या जहाजात एक गाठ जरी चढवली तरी साठलेली सगळी सूट बुडाली! अशा वेळी नव्या कंपनीला माल देणार कोण?

सिंदियाचंही तसंच होऊ लागलं. लॉयल्टीच्या पाठोपाठ कंपनीने इंग्लंडमधल्या पॅलेस लाइनची ६ जहाजं घेतली होती. पण १९२० नंतर जहाजांचे भाव आणि भाड्याचे दर दोन्ही धाडकन कोसळले. चढ्या बाजारात घेतलेला माल उतरत्या बाजारात अंगावर आला. लॉयल्टी मार्च १९२१ मध्ये मुंबईला बांधून ठेवावं लागलं आणि १९२३ मध्ये भंगारात गेलं. म्हणजे हिशेबाच्या वहीत बघितलं तर हा सौदा फसलाच म्हणायचा.

दुसरीकडे लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने किनाऱ्यावरचं भाडं पाडायला सुरुवात केली. सिंदियाचा तोटा वाढत गेला. कंपनी विकून टाकण्याचा सोपा मार्ग समोर होता, पण तो घेतला नाही. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्यात सिंदियाने ठरलेल्या टनांपेक्षा जास्त जहाजं चालवायची नाहीत आणि किनाऱ्याच्या व्यापारापुरतं राहायचं, अशा जाचक अटी होत्या. ज्या लंडनच्या मार्गासाठी सगळा खटाटोप केला तोच सोडावा लागला! पण कंपनी जगली. जमशेटजींची लाइन आणि पिल्लैंची कंपनी जिथे संपली तिथून सिंदिया पुढे सरकली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेले आणि कंपनीची धुरा वालचंदांकडे आली. ती त्यांनी १९५० पर्यंत सांभाळली.

या काळात वालचंदांना एक गोष्ट पक्की कळली होती. दुसऱ्याने वापरून टाकलेली जहाजं घेऊन फार काळ भागणार नाही, ती बांधायला शिकलं पाहिजे. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. दुसऱ्याच वर्षी, एप्रिल १९४२ मध्ये, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम रखडलं. तरी १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. २९ वर्षांपूर्वी जुनं जहाज विकत घेऊन सुरू झालेला प्रवास इथे नव्या जहाजापर्यंत पोचला. तो कारखाना पुढे सरकारने घेतला आणि आज ‘हिंदुस्थान शिपयार्ड’ म्हणून तो संरक्षण खात्याखाली चालतो.

एवढ्यावर थांबतील ते वालचंद कसले! डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली, जी आज एचएएल म्हणून आपल्याला इंटरव्ह्यूच्या यादीत दिसते. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली. तिची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अगदी २०२३ मध्ये निवृत्त झाली. पुणे जिल्ह्यातल्या माळरानावर वालचंदनगर उभं राहिलं, आणि सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५ पासून त्यांचं नाव आहे. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचं निधन झालं. लॉयल्टी निघालं ती तारीख तीन दिवसांपूर्वीच येऊन गेली होती.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण चांगली कंपनी, चांगलं मशीन, चांगला प्रोजेक्ट गाइड मिळण्याची वाट बघत बसतात. सगळं नवं आणि फिट मिळेल तेव्हाच सुरुवात करू, असं म्हणत चार वर्षं निघून जातात. याचा अर्थ डोळे मिटून कुठलंही भंगार घ्यावं असा नाही. लॉयल्टीने कंपनीला काय भोगायला लावलं ते वर आलंच आहे. जुनी वस्तू घ्यायची तर ती तपासायची, तिचा पुढचा खर्च मांडायचा आणि ती बुडाली तरी आपण तरंगू एवढी शिल्लक ठेवायची. वालचंदांचं पहिलं जहाज चार वर्षांत भंगारात गेलं, कंपनी मात्र टिकली, कारण ते एका जहाजावर थांबले नाहीत.

खामगावच्या बाजारात आजही कापसाच्या गाड्या येतात. त्या गाठी कुणाच्या जहाजात चढतात, आणि ते जहाज बांधणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यातलं कुणी असेल का, हा प्रश्न आता आपल्या बॅचचा आहे. विहिरीचं पाणी खारं असलं म्हणून काय झालं, सोलापूरला तरी समुद्र कुठे होता!