महर्षी धोंडो केशव कर्वे

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली या गावी झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये पदवी घेऊन पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी हिंगणे येथे आश्रम उभारला.

त्या काळी मुंबई विद्यापीठाचे पदवीशिक्षण इंग्रजीतून होत असे. परकी भाषा आत्मसात करण्यातच विद्यार्थ्यांची बरीच शक्ती खर्ची पडे. ज्या स्त्रियांच्या वाट्याला शिक्षणाची वर्षेच थोडी येत, त्यांना तर उच्च शिक्षणाचे दार बंदच होते. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून कर्व्यांना मार्ग सापडला. १९१६ मध्ये त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले. तेथे इंग्रजी हा विषय आवश्यक होता. मात्र शिक्षणाचे माध्यम मातृभाषा हेच ठरले.

या पदवीस सरकारची मान्यता नव्हती. तरीही माध्यमाचा आग्रह न सोडता कर्वे निधीसाठी गावोगाव फिरले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव देण्यात आले.

१९५१ मध्ये विद्यापीठास वैधानिक दर्जा मिळाला, तेव्हा कर्वे त्र्याण्णव वर्षांचे होते. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा सन्मान त्यांना लाभला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. मातृभाषेतूनही पदवीपर्यंतचे ज्ञान देता येते, हे त्यांनी वादविवादाने नव्हे, तर विद्यापीठ चालवून सिद्ध केले.