घरातली प्रयोगशाळा

शोधकांची नावं सांगा म्हटलं तर आपण काय सांगतो? एडिसन, बेल, मार्कोनी... मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ही नावं मला पाढ्यांसारखी पाठ. पण ज्यांना भारताचे एडिसन म्हणून ओळखलं जायचं ते शंकर आबाजी भिसे आपल्या मुंबईचे, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. गंमत म्हणजे दोघांचीही सुरुवात कॉलेजात नाही, कंपनीत नाही, तर घरात झाली.

आधी एडिसनचं घर. अमेरिकेत ओहायो राज्यात मिलान नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका विटांच्या घरात १८४७ मध्ये एडिसनचा जन्म झाला. तो सात वर्षांचा असताना कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरनला गेलं. शाळेत त्याचं जमलं नाही, म्हणून आईने घरीच शिकवलं. तिथल्या तळघरात त्याने बाटल्या आणि रसायनं मांडली. मिलानचं जुनं घर १९०६ मध्ये त्याच्या मालकीचं झालं, पण १९२३ मध्ये तो तिथे गेला तेव्हा घरात अजून तेलाचे दिवे आणि मेणबत्त्याच जळत होत्या! अख्ख्या जगाला बल्ब पुरवणाऱ्याच्या घरात वीज नाही! १९४७ पासून त्या घराचं म्युझियम झालंय.

आता मुंबई. भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा. त्याआधी थोडीच वर्षं मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले होते. पण घरांतून मात्र समया आणि कंदीलच. अशा काळात, वयाच्या चौदाव्या वर्षी, या मुलाने घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस तयार करायचं उपकरण बनवलं. वर्ष १८८१. एडिसनच्या बल्बला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

हा प्रयोग म्हणजे काय, ते केमिस्ट्रीवाल्यांना सांगायला नको. बंद भांड्यात कोळसा हवा लागू न देता तापवायचा. त्यातून हायड्रोजन, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड असं मिश्रण निघतं, डांबर वेगळं होतं, मागे कोक उरतो. गॅस पाण्यातून नेऊन धुवायचा आणि मग पेटवायचा. गळती झाली तर विषारी, हवा मिसळली तर स्फोट! आज आमच्यापैकी कुणी रूमवर असलं काही केलं तर रेक्टर सर सामानासकट बाहेर काढतील (आणि त्यांचंही बरोबरच आहे). पण १८८१ मधल्या त्या घरात हे झालं, आणि मुलाचा नाद सुटला नाही. उलट सोळाव्या वर्षी त्याने ठरवून टाकलं की इंग्लंड-अमेरिकेत जायचं आणि शोधच लावायचे.

पुढची उडी मात्र लगेच नव्हती. आधी मुंबईत सरकारी कारकुनी. ती सांभाळून सायंटिफिक क्लब काढला, लोकल गाड्यांसाठी स्टेशनचं नाव दाखवणारं यंत्र केलं. मग इंग्लंडच्या एका नियतकालिकाने किराणा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा ठेवली. भिसे यांनी मुंबईतून डिझाइन पाठवलं आणि तिथल्या लोकांना मागे टाकलं. मग लंडन. तिथे दादाभाई नौरोजींनी पाठीवर हात ठेवला. जाहिरातीची दिव्यांची पाटी, आपोआप फ्लश होणारा संडास (हॉस्टेलवाल्यांनी लक्ष द्यावं!) असे एकाहून एक शोध निघाले.

सगळ्यात मोठं काम होतं छपाईतलं. तेव्हा शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात ओतून एकेक खिळा तयार व्हायचा. भिसे यांच्या यंत्राने मिनिटाला १२०० खिळे ओतून दाखवले. हुशारी सिद्ध झाली, पण भांडवल? हिंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याने पैसे उभे करायचं कबूल केलं होतं, ते जमलं नाही. १९०८ च्या शेवटी भिसे हिरमुसले होऊन बोटीने परत निघाले. नशीब बघा, त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी सर रतन टाटांकडे शब्द टाकला आणि १९१० मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट उभी राहिली. पण तीही फार टिकली नाही. भिसे न्यूयॉर्कला गेले, आयोडीनचं औषध काढलं, १९३० मध्ये खुद्द एडिसनना भेटले. ७ एप्रिल १९३५ ला तिथेच वारले. त्यांच्या नावावर दोनशेच्या आसपास शोध सांगतात.

पैसा नसल्यामुळे माणूस कसा अडतो, हे भिसे यांच्या आयुष्यात जागोजागी दिसतं. पण पैशाचा प्रश्न यायच्या आधी एक पायरी असते. चौदा वर्षांच्या पोराला पसारा मांडायला जागा लागते, आणि तो पसारा लगेच न आवरणारं कुणीतरी लागतं. एडिसनला तळघर मिळालं, भिसे यांना मुंबईतलं घर.

आम्हाला काय मिळतं? हिंजवडीत राहतो, फेज एक ते तीन सगळीकडे काचेच्या इमारती. आत हजारो इंजिनिअर. पण आमच्यातले कितीतरी जण फायनल इयरचा प्रोजेक्ट तयार विकत आणतात, कारण हाताने करून बघायला जागाच नाही. वर्कशॉप पाचला बंद, घर लांब, रूमवर सोल्डरिंग गन दिसली तरी जप्त.

म्हणून सर आणि मॅडम लोकांना एक विनंती. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्कशॉप उघडं ठेवा. एक असिस्टंट असू दे, वाळूच्या बादल्या असू देत, रजिस्टरवर आमच्या सह्या घ्या. मोडतोड झाली तर डिपॉझिटमधून कापा. आमच्यातून लगेच कुणी भिसे निघेल असं नाही. पण निदान प्रोजेक्ट तरी आमचा आम्ही करू!