थोर संशोधक डॉ. चिंतामण गोविंद पंडित



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एका थोर व्यक्तीची माहिती लिहायला सांगितली. कुणी राजे निवडले, कुणी संत. मी एक डॉक्टर निवडले. आपल्या परळीत त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं. मी त्यांनाच का निवडलं, ते आधी सांगतो.

दोन वर्षांमागं आमच्या आबांना खोकला लागला. तीन आठवडे झाले तरी थांबेना. थुंकी तपासली तर क्षय निघाला. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. आजी तर रडायलाच लागली. गल्लीतले लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याला लांब कुठं तरी नेऊन ठेवा, नाही तर लेकरांना होईल. मला मामाच्या गावी धाडायचं चाललं होतं. पण डॉक्टरांनी तसं काही करू दिलं नाही. आबांनी घरीच राहून रोज गोळ्या घ्यायच्या, तोंडाला रुमाल लावायचा, खिडकी उघडी ठेवायची आणि घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं, असं त्यांनी सांगितलं. आशाताई गोळ्या घेतल्या का ते बघायला यायच्या. सहा महिन्यांनी आबा बरे झाले. घरात कुणालाच काही झालं नाही.

घरी राहून क्षय बरा होतो हे कुणी सिद्ध केलं, असं मी गुरुजींना विचारलं. तेव्हा त्यांनी मला डॉ. पंडितांची माहिती दिली.

चिंतामण गोविंद पंडित यांचा जन्म २५ जुलै १८९५ रोजी झाला. त्या काळी प्लेग, देवी, पटकी या रोगांनी गावंच्या गावं ओस पडत. पंडित मुंबईला डॉक्टर झाले. पुढील शिक्षण त्यांनी लंडनला घेतले. नंतर मद्रासजवळ गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी संशोधन केले आणि पुढे ते तिथले संचालक झाले.

तिथे त्यांनी हत्तीरोगाचा अभ्यास केला. काही गावांत लहान मुलांच्या दातांवर डाग पडत आणि मोठ्या माणसांची हाडं आखडून जात. हे विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे होते. पंडितांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर १९४० साली लेख प्रसिद्ध केला. जिथे लोकांना पोटभर चांगले अन्न मिळत नाही, तिथे हा रोग जास्त त्रास देतो असे त्यांना दिसले. आपल्या मराठवाड्यातही काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता त्यांचं सर्वांत मोठं काम. रोगांवर संशोधन करणाऱ्यांना पैसा पुरवण्यासाठी १९११ साली आपल्या देशात एक संस्था निघाली होती. तिची पहिली बैठक मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत झाली. तीच आजची हाफकिन संस्था. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली या संस्थेचा कारभार पंडितांकडे आला. १९४९ साली तिचं नाव भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद झालं. टीव्हीवर आयसीएमआर म्हणतात ती हीच. पंडित तिचे पहिले संचालक. १९६४ पर्यंत त्यांनी ती सांभाळली.

देश गरीब, रोग पुष्कळ आणि पैसा थोडा. कोणत्या कामाला द्यायचा, हाच मोठा प्रश्न होता. तेव्हा क्षयाचे रोगी लाखांनी होते आणि दवाखान्यात खाटा अगदी कमी. मग १९५६ साली मद्रासला एक केंद्र सुरू झाले. पंडितांची परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची संशोधन परिषद यांनी मिळून ते काढले. तिथे १९३ रोगी घेतले, सगळे गरीब वस्तीतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला दवाखान्यात ठेवले, तिथे चांगलं जेवण आणि पूर्ण विश्रांती. दुसरा गट आपल्या लहानशा घरात राहिला. औषध मात्र दोघांना सारखंच, वर्षभर. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला. घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते! घरच्या माणसांनाही त्यामुळे जास्त लागण झाली नव्हती. कारण औषध सुरू झालं की रोग पसरणं लवकर कमी होतं. मग जगभर क्षयाचे रोगी घरी राहून उपचार घेऊ लागले.

पुण्याची विषाणू संस्थाही त्यांच्याच काळात, १९५२ साली, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने निघाली. १९५७ साली म्हैसूर राज्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि माणसंही आजारी पडली. हा रोग गोचिडांमुळे पसरतो, हे या संस्थेच्या लोकांनी शोधले. कोरोनाच्या साथीत कोव्हॅक्सिन लशीसाठी लागणारा विषाणूही याच संस्थेने वेगळा काढून दिला होता.

भारत सरकारने १९६४ साली पंडितांना पद्मभूषण दिले. ७ सप्टेंबर १९९१ रोजी ते वारले.

क्षयाचा तो प्रयोग पंडितांनी एकट्याने केला नाही. पण आबा म्हणतात, तिफण धरणारा सगळ्यांना दिसतो, दुष्काळात बियाणं राखून ठेवणारा दिसत नाही. पंडितांनी बियाणं राखलं आणि योग्य रानात दिलं. म्हणून माझे आबा आज ओसरीवर बसून आहेत आणि मी त्यांच्याजवळ बसून हे लिहिलं.

मित्रांनो, घरात कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर लपवू नका. थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. आणि रोगी माणसाला घराबाहेर काढू नका.



— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी